पडल्यावरची उडी

धाकट्या भावानं ताईला हजारो लोकांत प्रसिद्ध केलं, पण बेडकी म्हणून.

तो फायटिंग गेमचा नावाजलेला खेळाडू. वय चौतीस, अंगात कुठल्याशा कंपनीनं फुकट दिलेला टी-शर्ट आणि इंटरनेटवर शिकवण्या. 'वाईट सवयी कशा मोडाव्यात' हा त्याचा सगळ्यात गाजलेला व्हिडिओ. उदाहरणाला त्यानं घरचंच माणूस घेतलं, कारण बाहेरच्याला आधी विचारावं लागलं असतं. पडद्यावर ताई खेळवते ती पैलवानीण मार खाऊन आडवी होते, उठते आणि उठल्या उठल्या उडी मारते. हवेत असताना वार अडवता येत नाही, एवढं या खेळातलं शेंबडं पोरही जाणतं. समोरचा नुसता ठोसा वर करून उभा राहतो, की ही पुन्हा आडवी. अशा अकरा उड्या त्यानं एकापुढे एक जोडल्या होत्या आणि मागे डराव डराव आवाज टाकला होता. शेवटी स्वतःचं तोंड दाखवून तो म्हणत होता, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही मित्रांनो. ताईकडे बघा आणि शिका."

ताईनं फोन केला. "ते काढून टाक रे. लॅबमधल्या पोरी मला बघून डराव डराव करतात."

"अगं गंमत आहे ती! आणि त्यात खोटं काय आहे? पुढच्या वर्षीच्या खुल्या स्पर्धेत ये, सगळ्यांसमोर मला हरव, त्याच दिवशी काढतो. शब्द आहे माझा."

ताईनं नाव नोंदवलं. वय एकेचाळीस, धंदा दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवण्याचा. बक्षिसाशी तिला काही देणंघेणं नव्हतं. तो व्हिडिओ तेवढा जायला हवा होता.

ही उडी आली कुठून, ते ताईला पक्कं ठाऊक होतं आणि तिनं ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ती तेरा वर्षांची, तो सहाचा, आणि पुढच्या खोलीत दोघांत एकच खेळयंत्र. धाकटा हरला की खालचा ओठ दातांत धरायचा, कान लाल व्हायचे, मग भोकाड. मग स्वयंपाकघरातून आई यायची, यंत्र बंद करायची आणि ताईच्या पाठीत धपाटा घालायची. "तू मोठी ना? तो लहान आहे, घ्यावं समजून!" म्हणून ताई हरायला लागली. पण पठ्ठ्या इतका हुशार, की तिनं नुसतं उभं राहून मार खाल्ला तर ओरडायचा, "तू मुद्दाम हरतेस!" आणि दुप्पट रडायचा. तेव्हा तिनं ही उडी शोधून काढली. उडी मारली की जीव तोडून खेळल्यासारखं दिसतं आणि मारही हमखास बसतो. पाच वर्षं ती रोज अशी हरली. पुढे हरायची गरज संपली, पण अंगठा ऐकेना. आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं, तोच आता जगाला बोट दाखवून सांगत होता की बघा, ही खोड. करायला गेले काय आणि झालं काय!

सवय मोडायला ताईनं स्वतःच्या धंद्यातलाच उपाय काढला. गिऱ्हाईक छातीठोकपणे सांगतं, मी डाव्या बाजूनं चावतच नाही. त्याच्या दातांत मेणाची पट्टी धरायला दिली की खरंखोटं तिथल्या तिथे कळतं. तसंच गुलाबी मेण तिनं खेळाच्या रिमोटच्या वरच्या बाणावर थापलं. उडी मारायची तर तोच बाण दाबावा लागतो, आणि दाबला की मेणावर नखाची खूण उठते. उडी मुळातच बंद करायची, असं तिनं ठरवलं. पडलं की उठायचं, अडवायचं, वाट बघायची.

तिला पाडायला कुणीतरी हवं होतं. लॅबमधले, दातांचे प्लास्टरचे साचे ओतणारे काका जेवणाच्या सुट्टीत बसायला तयार झाले. काकांना अख्ख्या खेळातली एकच लाथ येत होती, पण ती ते मनापासून मारायचे.

"पोरी, मी तुला रोज लाथा घालतो, मलाच कसंतरी होतं."

"घाला हो काका. तुम्ही निदान सांगून घालता."

पहिल्या दिवशी मेणाची चाळण झाली. महिन्याभरानं विसेक खुणा राहिल्या. मधे घरी आईचं आजारपण झालं, रजा काढून ताईच धावली, आणि परत आली तेव्हा अंगठा पुन्हा पहिल्यासारखा सुटलेला. पुन्हा मेण, पुन्हा काकांची लाथ. आठव्या महिन्यात मेण कोरं राहायला लागलं.

स्पर्धेला ताई मेण थापलेला आपलाच रिमोट घेऊन गेली, आणि चौथ्याच सामन्यात बहीणभाऊ समोरासमोर आले. सभागृहात मागच्या रांगांतून डराव डराव सुरू झालं. धाकट्यानं हसून त्यांना हात केला. पहिली फेरी त्याची, दुसरी हिची. तिसरीत त्यानं ताईला पाडलं आणि ठोसा तयार ठेवून उभा राहिला, कारण आता काय होणार हे त्याला सहा वर्षांचा असल्यापासून माहीत होतं. ताई उठली आणि उडी न मारता उभी राहिली. त्याचा ठोसा रिकाम्या हवेत गेला आणि तो उघडा पडला. ताईनं त्याला धरून आपटलं. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा तो संपला होता.

टाळ्या वाजायच्या आधीच ताईनं बाजूला पाहिलं. धाकट्यानं खालचा ओठ दातांत धरला होता आणि कान लालबुंद झाले होते.

मग त्यानं निवेदकाच्या हातातून माईक घेतला. "काय करणार मित्रांनो, मोठी बहीण आहे! एकदा तरी जिंकू द्यायला नको का?"

सभागृहानं काय टाळ्या पिटल्या! मघाच्यापेक्षा दुप्पट. कुणीतरी ओरडलं, "भाऊ असावा तर असा!" निवेदकानं माईक ताईपुढे धरला. "ताई, खरंच जिंकू दिलं का त्यानं?"

मुद्दाम हरणं कसं दिसतं हे त्या सभागृहात तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. हे ते नव्हतं. पाच वर्षांचं सगळं ओठांवर आलं होतं, एका वाक्याचं काम होतं. धाकटा तिच्याकडे बघत होता. दातांतला ओठ थरथरायला लागला होता.

"हो," ताई म्हणाली. "दिलं त्यानं. लहानपणापासून गुणाचाच आहे."

त्यानं शब्द पाळला. व्हिडिओ त्याच दिवशी काढला आणि नवा टाकला, 'ताईला जिंकू देताना'. संध्याकाळी आईचा फोन आला. "बघितलंस, किती मोठ्या मनाचा आहे तो! नाहीतर तू, एवढ्याशा गमतीवरून भावाशी धरून बसलीस."

सोमवारी काकांनी तिचा रिमोट उजेडात धरला आणि चष्म्यातून निरखून पाहिला. "अगं, एकसुद्धा खूण नाही! मोडली की गं सवय!"

"अंगठ्याची मोडली काका," ताई म्हणाली, आणि तिनं समोरची कवळी घासायला घेतली.