खंडेनवमीचा काळा डबा

लातुरात औसा रोडला सिद्धलिंगअप्पांचं बॅटरीचं दुकान कुठे म्हणून विचारलं, की लोक पत्ता सांगायच्या आधी हसत. बॅटरीचे एवढे लाड करणारा माणूस त्यांनी दुसरा पाहिला नव्हता. "आडवी धरू नका, तिला तरास होतोय," असं अप्पा गिऱ्हाइकाला चारचौघांत बजावत. पण तीच बॅटरी निकामी झाली, की तिच्यातलं तेजाब, म्हणजे ॲसिड, बेधडक मागच्या अंगणात ओतत. भंगारवाला कोरडीच मागायचा, आणि बाजारात सगळेच तसं करत.

बॅटरीवर अप्पांचा जीव जडला तो भूकंपात. त्र्याण्णव साली औसा तालुक्यातलं त्यांचं घर बसलं आणि दोन्ही लेकरं गेली. अप्पांची आई मात्र दुपारी ढिगाऱ्याखालून जिवंत निघाली. तिला पाणी द्यायला गल्लीत एक धड तांब्या सापडेना. कुणाच्या तरी ट्रकच्या बॅटरीचा रिकामा काळा डबा पडला होता, तो अप्पांनी हौदावर विसळला आणि त्यातून तिला पाणी पाजलं. आई पुढे सहा वर्षं जगली. तो डबा अप्पांनी भूकंपग्रस्तांच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेला, तिथून लातूरला आणला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवून त्यात कढीपत्ता लावला. खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत पहिला मान त्या डब्याचा. अप्पा तीन बोटांनी त्यावर भस्माचे पट्टे ओढत आणि मगच पान्याकडे वळत.

अप्पांच्या बायकोचं, उमादेवींचं, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं होतं. भूकंपानंतर कितीतरी जणींनी केलं तसं त्यांनीही ते उलटं करून घेतलं. पंच्याण्णव साली मंजुश्री झाली. तिला साधं खरचटलं तरी नवराबायको दोघं धावत.

तोवर लातुरात क्लासचं पीक आलं होतं. गल्लोगल्ली क्लास, क्लासच्या पाठीशी होस्टेल, आणि भारनियमन पाचवीला पुजलेलं, त्यामुळे प्रत्येक जिन्याखाली एक इन्व्हर्टर. अप्पांना जेवायला फुरसत मिळेना. अंगणात ते जुन्या बॅटऱ्या फोडायचे, शिसं कढईत वितळवायचे आणि त्याची बॅटरीसाठी नवी टोकं ओतायचे. मंजुश्री शेजारीच शिशानं करड्या झालेल्या मातीचे लाडू वळत बसे. अप्पा तसेच मळल्या कपड्यांनी तिला उचलून घेत. दारचा कढीपत्ता तर रोजच्या फोडणीत होताच.

आठव्या वर्षी पोरीचं बिनसलं. पोट दुखायचं, जेवण जाईना, चेहरा पांढराफटक पडला. सतरापर्यंत पाढे घडाघडा म्हणणारी ती बारालाच अडकू लागली. उमादेवींनी दृष्ट काढली, दोन डॉक्टर झाले, जंताचं औषध झालं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, लक्ष नाही अभ्यासात. अप्पा वरवर बाईंशी भांडले. पण मागून घेतलेलं हे लेकरूही हातचं जातं की काय, हा विचार त्यांना दुकानात काही सुचू देत नव्हता.

अशात रेणुकादास सर आले. ते क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवत. त्यांचा इन्व्हर्टर कुरकुरत होता. बोलता बोलता ते चहाला अंगणात आले आणि कप हातात तसाच राहिला. कढई, माती, मातीत खेळणारी पोरगी, दाराशी काळा डबा, एकेक करून त्यांनी सगळं पाहिलं. मग हळूच विचारलं, पोरीचं पोट दुखतं का?

शिसं अंगात भिनतं, ते लहान लेकरांच्या डोक्यालाच आधी धरतं, असं सरांनी समजावलं. मातीतून, धुरातून, तुमच्या कपड्यांतून आणि त्या डब्यातल्या मातीतूनसुद्धा. डब्याचं नाव निघताच अप्पा भडकले.

"सर, तुमी शिकलेले हाव, म्हणून ऐकून घेतलं. ह्या डब्यानं माझी माय वाचवली."

"वाचवली, अप्पा. पाण्यानं वाचवली. आता पोरीचं रक्त तपासा."

सरांनी नांदेडच्या डॉक्टरचा पत्ता उमादेवींच्या हाती दिला आणि ते चहा न पिताच गेले. अप्पा दोन दिवस धुमसत राहिले. तिसऱ्या दिवशी उमादेवींनीच मुलीला कपडे घातले आणि नांदेडची बस धरली. अप्पा मागच्या सीटवर बसले. सरांच्या भावजय डॉक्टर मालविका तिथे लहान मुलांच्या डॉक्टर होत्या. त्यांनी रक्त हैदराबादला पाठवलं. आठवड्यानं परत बोलावलं, तेव्हा अहवालात शिसं निघालं, आणि बरंच निघालं. औषधं देईनच, त्या म्हणाल्या, पण घरातलं शिसं बंद झालं नाही तर औषधाचा उपयोग नाही. वेळेत आणलंत.

वेळेत आणलंत, हे दोन शब्द अप्पा परतीच्या बसमध्ये पुटपुटत होते. लातूरला उतरल्यावर घरी न जाता ते आधी सरांकडे गेले. त्यांनी न विचारता इन्व्हर्टर उघडला, त्याच्या बॅटरीत शुद्ध पाणी भरलं, टोकं घासली आणि डोळे पुसत बाहेर पडले. पुढे दर महिन्याला न बोलावता जाऊ लागले. शेवटी सरांनाच दार लावून घ्यावं लागलं.

अंगणातली कढई गेली. वरची माती खरवडून पोत्यांत भरली, जागेवर सिमेंट घातलं. जुनी बॅटरी दुकानदारानं परत घ्यायची असा कायदा आलाच होता. अप्पा तो गिऱ्हाइकांना दमात घेऊन सांगू लागले. बॅटरी फोडायची नाही, तेजाब ओतायचं नाही. भरलेली, उभी, टोकांवर टोपणं घालून लाकडी फळीवर ठेवायची, फळीखाली प्लॅस्टिकचा ट्रे. महिन्याला परवान्याच्या कारखान्याची गाडी येई. तिथे बंद भट्टीत शिसं वितळतं, धूर गाळला जातो, तेजाबाचीही सोय होते आणि त्याच शिशाची नवी बॅटरी बनते. घरात पाऊल टाकण्याआधी अप्पा दुकानातच अंघोळ करून कपडे बदलत.

पहिली गाडी आली तेव्हा मातीची पोतीही तिच्यात चढली. सगळ्यात शेवटी अप्पांनी काळा डबा आणला. कढीपत्ता उपटला होता, तरी डबा त्यांच्या हातून सुटेना. मग अप्पांनी तो ड्रायव्हरच्या हवाली केला.

"उभाच ठेवा बरं. आडवा नका करू."

डबा रिकामा आहे हे ड्रायव्हरला दिसत होतं. त्यानं तो उभाच ठेवला.

वर्षभरात मंजुश्रीच्या गालांवर रंग आला. खंडेनवमीला अप्पांनी हत्यारं मांडली, तीन बोटं भस्मात बुडवली आणि सवयीनं दाराकडे वळले. तिथे मोकळी फरशी होती. हात तसाच हवेत राहिला. दप्तर घेऊन निघालेली मंजुश्री दारात थांबली होती. अप्पांनी ते भस्म तिच्या कपाळाला लावलं.

"सतरा सत्ते?" त्यांनी विचारलं.

"एकशे एकोणीस," ती म्हणाली. "अप्पा, सोडा ना, शाळेला उशीर होतोय."