पायलटांसाठी बांधलेल्या खोल्या

मी मस्कतला निघालो तेव्हा बाबांनी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं आणि अंगणात येऊन म्हणाले, "तू पैशे धाडीत रव. हंयचां सगळां आमी बगतलंव." धाकटा भाऊ दत्ता माझी बॅग दाबोळीच्या विमानतळापर्यंत घेऊन आला. त्यानंतर त्याने काही जड उचलल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

गोव्यातल्या, पार्श्यातल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारख्या आखातात एसी दुरुस्त करणाऱ्यांनो, आपल्या रियालांनी घरं कशी आळशी केली ते एकदा सांगतोच. पूर्वी आमचं घर भात, नारळ आणि डोंगरावरच्या काजूवर चालायचं. बाबा रसासाठी काजूचे बोंडू तुडवायचे, आम्ही भाऊ बिया वेचायचो. माझे पैसे सुरू झाले आणि पहिल्या वर्षी शेत पडीक राहिलं, दुसऱ्या वर्षी डोंगर. मजूर परवडत नाहीत, असं दत्ता म्हणायचा. आपल्यालाही दोन हात आहेत हे तो सोयीने विसरला. बरं, डोंगर दुसऱ्याला कसायला द्यावा, तर "कूळ म्हणान लागतलो आणि जमीन खातलो," ही भीती. त्यापेक्षा रान माजलेलं बरं, असा हा आमच्याकडचा शहाणपणा.

बाबा गेले, मला रजा मिळाली नाही. पुढे गावाजवळच मोपाला विमानतळ झाला आणि दत्ताने माझ्या पैशांतून परसात तीन खोल्या बांधल्या. "पायलट रवाक येतले," असं गावभर सांगत सुटला. पायलट कुठले यायला? टुरिस्टसुद्धा सगळे हरमलच्या किनाऱ्याला. अखेर बेळगावकडची यल्लव्वा आणि तिचा गवंडी नवरा एका खोलीत भाड्याने आले.

गेल्या चवथीला मी कायमचा राहायच्या इराद्याने आलो. गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान दत्ताने विकत आणलं होतं, घासाघीस न करता. त्यातली कांगलां, तांबडी रानफळं, सुरेख होती. कुठून आणली, विचारलं, तर म्हणाला, यल्लव्वाकडून. मी तिला विचारलं. ती सरळ म्हणाली, "तुमच्याच डोंगरावरची, साहेब. तिथं कोण येतच नाही." आपल्याच रानातली फळं विकत घेऊन देवावर बांधणारा माणूस माझा सख्खा भाऊ आहे, याची मला मनापासून लाज वाटली.

जेवताना सांगितलं, आता परत जात नाही. डोंगर साफ करतो, काजू बघतो. दत्ता म्हणाला, "आणि रूमांचां प्लास्टर?" आई वाढता वाढता थांबली. "आणि मगे म्हयन्याच्या पैशांचां काय?" एवढंच तिने विचारलं.

मीही काही फार मोठा नव्हे. परतीचं तिकीट मी रद्द केलंच नव्हतं. निघताना यल्लव्वाला सांगितलं, मोसमात काजू तू वेच, वाया जाण्यापेक्षा.

मार्चमध्ये आईचा फोन आला. दत्ता अकरा वर्षांत पहिल्यांदा डोंगर चढला होता, यल्लव्वाला हाकलून लावायला. चार दिवसांत नवरा-बायको खोली सोडून गेली. बिया झाडाखाली तशाच पडून होत्या. माझ्यावाचून त्या घराचं काहीच अडलेलं नव्हतं, अडणार होतं फक्त पैशांवाचून. ते मी दुसऱ्या दिवशी पाठवले, भाडं बुडालं म्हणून थोडे जास्तच.