कौसाबाईंनी घेतलेलं नाव

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण आहे ते गंगाधरमामांचं. नात्याने ते माझे कुणी नव्हते. कापसातून सरकी काढायच्या गिरणीत, म्हणजे जिनात, माझी आई सरकी वेचायची आणि मामा कापसाच्या गठाणींवर नंबर टाकायचे. त्याच काळ्या रंगाच्या ब्रशाने त्यांनी मला जुन्या पोत्यावर पहिली अक्षरं काढून दाखवली. आमच्या घरात शाळेचं तोंड पाहणारा मी पहिला आणि बी.ए. होणाराही पहिलाच.

मजुरांची युनियन मामांनीच बांधली. एका संपात जिनाच्या फाटकापाशी हाणामारी झाली, मुकादम आत्माराम जागीच गेला आणि कोर्टाने मामांना फाशी सुनावली. "मी हात उगारला नाही," असं मामा शेवटपर्यंत सांगत राहिले. वरच्या कोर्टातही शिक्षा कायम झाल्यावर उरला तो फक्त राज्यपालांकडे दयेचा अर्ज. तो लिहायचं आणि त्यावर लोकांच्या सह्या घ्यायचं काम मी अंगावर घेतलं. विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाची ती वर्षं. गाव आणि आमचा बौद्धवाडा एकमेकांशी धड बोलत नव्हते. सही करायला माणसं भीत होती. लहानपणापासून मी रोज सकाळी वंदना म्हणत आलो, सर्व प्राण्यांचं भलं चिंतत आलो. पण निकालानंतर ते शब्द ओठांवर येईनात. चिंतून कुणाचं काय भलं होतं, असं वाटू लागलं होतं.

बाजाराच्या दिवशी पिंगळी स्टेशनबाहेर लिंबाखाली कागद घेऊन बसलो. मी मोठ्या हौशीने रकाने आखले होते: नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव, सही किंवा अंगठा. शिकलेल्या माणसाची चूक ती! आमच्याकडच्या बाया नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत, हे मला माहीत असूनही सुचलं नव्हतं.

"धन्याचं नाव मला इचारायलाय व्हय, गुरुजी?" जिनातली सखुबाई पदर तोंडाला लावून म्हणाली. "मग हळदीकुंकू मांडा, उखाण्यात घेते!" सगळ्या हसल्या. कुणी अंगठा देऊन रकाना कोरा ठेवला, कुणी तशीच निघाली. रकाने भरले नाहीत तर अर्जाला कोण विचारील, या काळजीने मी घायकुतीला आलो होतो.

एवढ्यात डोईवर पदर घेतलेली एक बाई समोर येऊन बसली. नाव सांगितलं, कौसाबाई. मी थकून म्हणालो, "नवऱ्याचं राहू द्या, बाई. अंगठा तेवढा द्या."

"न्हाई. ते घ्यावंच लागतंय." तिने खाली बघत, एकेक अक्षर सोडवत म्हटलं, "आत्माराम किसनराव. जिनात मेले ते."

माझा पेन थांबला. "बाई, हा अर्ज कुणासाठी हाय, ठाव हाय ना?"

"ठाव हाय, म्हून तर आले. माजं कपाळ पुसलं ते पुसलं. गंगाधरच्या बायकूचं पुसून मला काय मिळायलंय? ते जित्ते होते तवा एकडाव नाव घेतलं न्हाई मी त्यांचं. आज घेतलं. लिवा."

अंगठा उमटवून ती बाजाराच्या गर्दीत निघून गेली. मग सखुबाईच पुढे आली आणि हसू न आणता, स्पष्ट, आपल्या नवऱ्याचं नाव सांगून गेली. मागोमाग दुसरी आली, तिसरी आली. दिवस कलेपर्यंत एकही रकाना कोरा राहिला नाही. मी नुसता लिहीत होतो. जे शब्द मी वर्षानुवर्षं पाठ म्हणत आलो, ते त्या दिवशी माझ्यासमोर माणूस होऊन बसले होते.

पुढे फाशीची जन्मठेप झाली. कशामुळे, ते मी सांगू शकत नाही. सांगायचा अधिकारही माझा नाही. पण मामांना तुरुंगात पत्र पाठवलं ते त्याच्या कितीतरी आधी, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, वंदना म्हणून झाल्यावर:

"ती. मामांस सा. न.

अर्ज आज रवाना केला. काय होईल, माहीत नाही. माझ्या शिक्षणाने तुम्हाला वाचवीन, असा मला गर्व होता. तो काल लिंबाखाली गळून पडला. आता जे होईल ते हात जोडून घेईन. एक मात्र तुम्हाला कळायला हवं. ज्या माणसाच्या मरणाची शिक्षा तुम्ही भोगत आहात, त्याचं नाव त्याच्या बायकोने आयुष्यात पहिल्यांदा घेतलं, आणि ते तुमच्यासाठी घेतलं. तुम्ही शिकवलेल्या अक्षरांत मी ते लिहिलं आहे. एकाही अक्षराचं वळण बिघडू दिलं नाही.

तुमचा भाचा."