लाल दोऱ्याच्या कळ्या

अन्याय माझ्या आईवर झाला. यंदाच्या गुढीपाडव्याला, पहाटे पाच ते सहा या एका तासात, झाशीतल्या आमच्या घराच्या फाटकातून हात घालून कुणीतरी तिचे सगळे पिवळे गुलाब आणि सगळी जास्वंद नेली. पाचला मी पाण्याची मोटर लावायला उठले तेव्हा फुलं होती. सहाला नव्हती.

फुलंच तर गेली, असं म्हणणाऱ्यांसाठी सांगते. आईचा सगळा संसार बाबांच्या कंपनीच्या क्वार्टरमध्ये झाला, तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीत कुंडी ठेवली की खालून तक्रार यायची, पाणी ठिबकतं म्हणून. बाबा रिटायर झाले आणि बबीन्याच्या रस्त्याकडे हे छोटं घर झालं. पुढे अंगण कसलं, नुसते दगड. आईने स्वतः पहार घेऊन ते उकरले, दूधवाल्या भैयाकडून शेणखत मागवलं आणि दिवाळीनंतर रोपं लावली. फाल्गुनात फ्लॉक्स, पिटुनिया, झेंडू असे काही फुलले की रस्त्याने जाणारे सायकली थांबवायचे. आई चहाचा कप घेऊन त्या रोपांत उभी राहायची आणि रोज चहा गार करून प्यायची.

चैत्रात आमच्याकडे गौर पाळण्यात बसते. "इतकी वर्षं बाजारची फुलं वाहिली," आई म्हणाली होती, "या वर्षी माझ्या हातची." पाडव्यापासून तिसऱ्या दिवशी, गौर बसते तेव्हा, उमलतील अशा कळ्या हेरून तिने त्यांना लाल लोकरीचा दोरा बांधून ठेवला होता. घरातल्या कुणी चुकून तोडू नये म्हणून. बाहेरच्यांचं तिच्या मनातच आलं नाही.

पण आमचा पाडवा असतो त्याच दिवशी इथे नवरात्र बसतं. चैत्रातलं. घरोघर देवी, आणि देवीला फुलं हवीत. मग पहाटे पिशव्या घेऊन माणसं निघतात आणि ज्याच्या कुंपणाबाहेर फांदी दिसेल त्याचं फूल तोडतात. देवीसाठी तोडलं की ती चोरी नव्हे. हे कुणी ठरवलं? ज्यांनी झाड लावलं त्यांनी तर नाही.

"जाऊ दे ग," आई म्हणाली. "देवालाच गेली ना." आणि कळ्याही गेल्यावर झाडाला नुसता लोंबकळत राहिलेला दोरा सोडवून बोटाला गुंडाळत बसली. ती भांडली असती तर कदाचित मी गप्प बसले असते.

शुक्रवारी हळदीकुंकू ठरलं होतं. नव्या घरातलं पहिलं. आईने मला बजावलं, "घरोघर जा. तोंडाने बोलाव. इथल्या बायका आपल्याला अजून ओळखत नाहीत, निदान तू दाराशी तरी उभी राहा." मी हो म्हटलं. पण मी कॉलेजपासून पत्रकं वाटत आले आहे. मला काही सांगायचं असलं की आधी कागद सुचतो. मी अर्ध्या पानावर वर लिहिलं, 'शुक्रवार शाम पाँच बजे हल्दी-कुंकू, सब बहनें ज़रूर पधारें.' खाली जागा उरली होती. जागा उरलेली मला सहन होत नाही. तिथे ठळक लिहिलं, 'पूजा के नाम पर फूलों की चोरी बंद करो. चोर को चोर कहो.' झेरॉक्स काढल्या आणि गल्लीतल्या प्रत्येक दाराच्या फटीतून सरकवल्या. कुणाच्या दाराशी मिनिटभरही उभी राहिले नाही. पाऊण तासात काम उरकलं, याचा मला अभिमान वाटला.

शुक्रवारी आईने वाटली डाळ केली, पन्हं केलं, कपाटातली नवी साडी काढली. गौरीपुढे झेंडू होता, तोही बाजारचा. घरच्या झाडावर उरलेला तोडायला तिचा हात धजेना. पाच वाजले. सहा वाजले. मी फाटकापाशी जाऊन येत होते, पुन्हा जात होते, पन्ह्याच्या ग्लासांवरची झाकणं उगाच सारखी करत होते. बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "काय ग, पत्रकाला प्रतिसाद कसा आहे?" तोवर कागद त्यांनी पाहिला होता, आईने नाही. सातला आई गौरीसमोर एकटीच बसली. माझ्याकडे बघत नव्हती.

मग समोरच्या घरातल्या अम्मा आल्या. साठी उलटलेल्या, पायात चप्पल नाही, हातात माझाच कागद. दारातच म्हणाल्या, "बिटिया, पढ़ी-लिखी हो, तो नाँव भी लिख देतीं. फूल हमने लए."

मी तयारच होते. म्हटलं, "अम्मा, पूछ तो लेतीं."

"पूछते?" त्या हसल्या, पण हसण्यात काही गोड नव्हतं. "पूस में दस दिन पानी दओ, तब काऊ सें पूछी हती का? बाल्टी अपने घर सें लाए. फिर फूल लेत में काय पूछें?"

आईने मान वर केली. "कौन से दस दिन?"

कोणते ते मला बरोबर माहीत होतं. इकडचा पूस लागतो तेव्हा आमचा मार्गशीर्ष चालू असतो. त्या दिवसांत आई-बाबा मामाच्या मुलीच्या लग्नाला नागपूरला गेले होते आणि बाग माझ्यावर टाकली होती. मी ते दहाही दिवस चिरगाँवला होते. पाण्याच्या प्रश्नावर पत्रकं वाटत. फोनवर आई रोज विचारायची, "घातलंस ना?" आणि मी रोज सांगायचे, "घातलं." परत आले तर झाडं हिरवी. दव पडलं असेल, थंडीत काही लागत नाही, असं मी स्वतःला समजावलं आणि विसरून गेले.

आई उठली, अम्मांना हळदीकुंकू लावलं, ओटी भरली, डाळ दिली. अम्मांनी डाळ खाल्ली आणि "नमक कम है" म्हणून सांगितलं. जाताना बाकीच्या का आल्या नाहीत तेही सांगितलं: गल्लीतल्या प्रत्येक घरात कधी ना कधी कुणाचं तरी फूल आलेलं आहे. प्रत्येकीला वाटलं, कागद आपल्यालाच उद्देशून आहे.

त्या गेल्यावर आई एवढंच म्हणाली, "अक्षय तृतीयेपर्यंत गौर बसलेली आहे. पुढच्या मंगळवारी पुन्हा करू. जा, आणि या वेळी हात रिकामे ठेव."

मी गेले. प्रत्येक दाराशी उभी राहिले. एकीने दार अर्धंच उघडलं, एकीने "चोरों को काय बुला रईं?" असं तोंडावर विचारलं. मी "आ जाइए" एवढंच म्हटलं. मंगळवारी काही आल्या, काही नाही आल्या. आलेल्यांतल्या एकीने माझ्यादेखत, कुणालाही न विचारता, नुकता उमललेला पिवळा गुलाब खुडला आणि आत नेऊन गौरीला वाहिला. माझा जीव चडफडला. अजूनही चडफडतो. न विचारता तोडणं मला मान्य नाही, आणि मी ते मान्य करणारही नाही. पण झाड जगवणारं कोण, हे न विचारता मी चोर ठरवला, तो गुन्हा माझा. आईच्या पहिल्या हळदीकुंकवाची ती रिकामी संध्याकाळ माझ्या नावावर आहे.

तुम्हीही कधी ना कधी कुणाचं फूल तोडलं असेल; ते कुणाच्या अंगणातलं होतं, ते तुम्हाला आठवतंय. लिहू नका, फोन करू नका, मेसेज टाकू नका. उद्या सकाळी त्या घराचं फाटक वाजवा, आणि दार उघडेपर्यंत तिथे उभे राहा.