दोन टाक्यांचं स्लश मशीन आणि माझा सोमवार

मंडळी, दुपारपासून डोकं चालेना झालंय. जरा सल्ला द्या.

पलूसला आमचं हॉटेल आहे. पुढं बार, मागं फॅमिली हॉल. उन्हाळ्यासाठी सरबताचा गारेगार चुरा करणारं स्लश मशीन बघायला आज बायकोला घेऊन मिरजेला गेलो.

दुकानदार रफिकभाईंनी दोन टाक्यांचं मशीन दाखवलं. एका टाकीत फॅमिलीसाठी कोकम, दुसरीत बारसाठी रम घातलेलं. मला एकदम पटलं.

बायको म्हणाली, "एकाच मशीनमधनं दारूचं आन् पोरांचं? फॅमिलीवाले हात लावायचे न्हाईत."

"अगं, टाक्या वेगळ्या, नळ वेगळे!"

"घासल्यावर कढई बी स्वच्छच असती. तरी व्हेजला वेगळी ठेवतोच की आपण."

तेवढ्यात रफिकभाईंनी कोकमाचे दोन ग्लास पुढं केले. "वहिनी, चव तर बघा. काल एका बारवाल्याला रमचं करून दावलं, पण ते पलीकडच्या टाकीत. ही एकदम साफ हाय."

बायकोनं ग्लास उचलला आणि संपवला. "लय भारी झालंय," म्हणाली.

माझा सोमवारचा उपवास. कोकम चालतं मला. ग्लास ओठांपर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला.



आता एक मशीन घेऊ का दोन, काहीच कळेना. तुमचा उपवास असता तर तुम्ही तो ग्लास प्यायला असता का? खरं सांगा.