काश्मीर हॉटेलात उतरलेले व्याही

चिंधा हे नाव कोणी हौसेनं ठेवत नाही. आधीची पोरं जगली नाहीत म्हणजे नव्या पोराला उकिरड्यावर ठेवून परत उचलतात, चिंधीत गुंडाळतात आणि नावही चिंधा ठेवतात. यमानं पाहिलं तरी त्याला वाटावं, हे फडकं कुठं न्यायचं! आमच्या गावचा चिंधानाना असा वाचलेला माणूस. यमाला फसवलं खरं, पण त्या नावाचा डंख आयुष्यभर राहिला. कोणी आपल्याला चिंधी समजू नये, एवढ्या एका गोष्टीपायी या माणसानं जे जे केलं, ते सांगायला बसलो आहे.

पारोळ्याहून धुळ्याकडे निघालं की हायवेला लागून त्याचं शेत. त्या शेतासमोर नव्वद सालच्या सुमारास एका डाळमिलवाल्या शेठनं ‘अद्भुतनगरी’ काढली. दरवाजा म्हणजे राक्षसाचं उघडं तोंड. आत पाळणे, भुताचा बंगला, पाण्याच्या घसरगुंड्या आणि एक तळं, त्यात फायबरचे पांढरे हंस. हंसाच्या पाठीत बसून लोक पायडल मारत. इकडं आमच्या बाया हंडे घेऊन टँकरमागं पळायच्या आणि तिकडं सुरतेची माणसं पाण्यातून किंचाळत घसरायची. मी मोर्चे काढले, रस्ता अडवला, एकदा त्या राक्षसाच्या जबड्यात रिकाम्या घागरी नेऊन फोडल्या. शेठनं आम्हाला सावलीत बसवलं आणि सरबत दिलं. सरबतात बर्फ होता. मी ग्लास तिथंच उपडा केला.

गावातली सगळी माणसं माझ्या मागं होती. एकटा चिंधानाना रस्त्याच्या पलीकडं उभा राहून हात जोडायचा. “भाऊ, मोर्चा काढा, पण जरा बाजूनं काढा. माझं गिऱ्हाईक अडकतं.”

कारण तोवर त्यानं हॉटेल काढलं होतं. विटांच्या चार खोल्या, वर पत्रे, पुढं ओटा. आणि नाव? ‘हॉटेल काश्मीर, लॉजिंग-बोर्डिंग’. मे महिन्यात आमच्याकडं दाराची कडी हातात धरवत नाही, कावळा चोच उघडून बसतो, आणि या गड्यानं काश्मीर काढलं! पारोळ्याच्या पेंटरनं फळ्यावर बर्फाचा डोंगर रंगवला होता. बिचाऱ्यानं जन्मात बर्फाचा डोंगर पाहिलेला नव्हता, कापसाच्या गंज्या मात्र रोज पाहिल्या होत्या. त्यामुळे काश्मीर म्हणजे पारोळ्याचं मार्केट यार्डच दिसायचं.

तिथं उतरणाऱ्याचे हाल काय सांगावेत! दिवसभर अद्भुतनगरीत भिजून माणूस खोलीत आला की तापल्या खापरावर पोळी टाकावी तसा भाजायचा. कूलर होता, पण लाइट असली तर. “अहो, पंखा फिरत नाही,” कोणी म्हटलं की नाना बाहेरच्या लिंबाकडं बोट दाखवी. “पान हलत नाही साहेब, पंखा कसा हलंल?” इंदूरच्या एका कापडवाल्यानं खोलीवर चहा मागवला. नाना चहा घेऊन गेला तो पलंगावरच टेकला आणि मुली किती, दिल्या कुठं, जावई काय करतो, सगळं विचारून उठला. नवीन लग्नाचं जोडपं उतरलं, तर हा सकाळी दारावर थाप मारून ओरडतो, “उठा, ऊन चढलं!” पैसे देऊन उतरलेल्या माणसाला दार लावून गप पडून राहायचं असतं, हे नानाच्या डोक्यात शिरतच नव्हतं. आलेला माणूस म्हणजे पाहुणा, आणि पाहुणा एकटा बसला तर यजमानाची लाज जाते, एवढंच त्याला ठाऊक.

आता गंमत पाहा. गिऱ्हाइकाला पाहुण्यासारखं वागवणाऱ्या या माणसानं पाहुण्याला मात्र गिऱ्हाईक करून टाकलं. आणि तो पाहुणाही कोण? लेकीचा सासरा!

नानाची एकुलती लेक सुंदर धुळ्याला दिलेली. सासरा देवचंद आबा एस.टी.त कंट्रोलर होता, आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडल्या. सासू द्रौपदाबाई, जिची जीभ गाडीच्या हॉर्नसारखी. लग्नात वरबापाकडच्या माणसांना पंगतीत उशिरा वाढलं गेलं, त्याचा रुसवा. त्या रुसव्यापायी लग्नानंतरच्या पहिल्या अखाजीला त्यांनी सुंदरला माहेरी धाडलंच नाही.

खान्देशाबाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. तुमची अक्षय्य तृतीया सोनं घेण्याची असेल. आमची अखाजी लेकीबाळींची. वर्षभर सासरी राबलेली पोर त्या दिवशी माहेरच्या लिंबाला बांधलेल्या झोक्यावर बसते, गाणी म्हणते, सासरच्यांना गाण्यातून शिव्या देते आणि मोकळी होते. पहिल्या अखाजीला जी पोर येत नाही तिच्या आईचं तोंड गावात कोणी बघू नये. नानाची बायको वच्छलाबाई हिनं त्या वर्षी झोका बांधला आणि तो तसाच लोंबत राहिला. पुढं वर्षभर तिनं सोडलाही नाही.

दुसऱ्या वर्षी रीतीप्रमाणं मुऱ्हाळी धाडायला हवा होता, म्हणजे माहेरचा कोणी माणूस जातो, व्याह्यांच्या पाया पडतो आणि लेकीला घेऊन येतो. नानाला वाटलं, हे चिंधीपणाचं काम. त्यानं भाड्याची जीप धाडली आणि निरोप दिला: बठ्ठं घर या, म्हणजे घरातले सगळेच्या सगळे या, अद्भुतनगरी दाखवतो, आमच्या हॉटेलात पेशल खोली ठेवली आहे.

आणि तयारी काय केली? पत्र्यांवरचे दगड काढले! आमच्याकडं पत्र्याच्या घरावर दगड ठेवतात, वैशाखातल्या वाऱ्याचा भरवसा नसतो म्हणून. नानानं सगळे धोंडे खाली उतरवले आणि पत्र्यांना तांबडा रंग दिला, लांबून कौलं वाटावीत म्हणून.

वच्छलाबाई खालून ओरडली, “दगड राहू द्या हो! वैशाख शे!”

“लोके काय म्हनतीन? ढोरेसना गोठा शे का हाऊ?” नाना वरून म्हणाला.

अखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी जीप आली आणि हॉटेलपाशी थांबली. नाना झेंडूचा हार घेऊन उभा. सुंदर खाली उतरली, गावाकडच्या रस्त्याकडं बघत. द्रौपदाबाईनं चार खोल्या पाहिल्या, कापसाचा डोंगर पाहिला.

“घर कुठं आहे तुमचं?”

“घर ना, ते तिकडं गावात. मातीचं आहे जुनं. तुमच्यासाठी इथं सोय केली.”

मग देवचंद आबानं गळ्यातला हार काढून दाराच्या कडीला अडकवला. “सोयऱ्याला लॉजवर उतरवतात. हे आज कळलं.”

“अहो, एवढं कसं कळत नाही तुम्हाला?” द्रौपदाबाई म्हणाली. “आपल्याला उंबऱ्यात घ्यायचं नाही त्यांना. सुंदर, पिशवी सोडू नको. उद्या पहिल्या गाडीनं परत. आणि पुन्हा माझ्या घरात अखाजीचं नाव काढायचं नाही.”

पोर हायवेवर आली, पण माहेरी पोचलीच नाही. खोलीतल्या पलंगाच्या कडेला पिशवी मांडीवर घेऊन बसली, एस.टी. स्टँडवर बसावं तशी.

नाना धापा टाकत माझ्याकडं आला. ज्याच्या मोर्चाला बाजूनं जायला सांगायचा, त्याच्याच पायाशी. “भाऊ, तुम्ही मोठमोठ्या सायबांशी बोलता. आमच्या याहीशी बोला.”

माझं डोकं फिरलं. “अरे येड्या, तू व्याह्याला गिऱ्हाईक केलंस!”

“गिऱ्हाईक कसं? मी भाडं घेणार नव्हतो!”

“म्हणजे फुकटं गिऱ्हाईक! अजून वाईट!”

तरी गेलो. सुंदरला मी कडेवर खेळवलं आहे. देवचंद आबापुढं बसलो, समजावणीचं पहिलं वाक्य तोंडात घोळवत होतो, तोच ते म्हणाले, “हा अंधार कसला?”

पश्चिमेचं आभाळ विटेच्या भट्टीसारखं तांबडं झालं होतं. धूळ उठली. समोर अद्भुतनगरीतली माणसं पळायला लागली. मग वारा आला, आणि काश्मीरचा पहिला पत्रा उठला. आधी नुसताच एक कोपरा वर झाला, शेठ दिसला की नाना हात वर करायचा तसा. मग अख्खा गेला. त्याच्या मागं दुसरा, मग पुढचे मोजायला कोण थांबतो! तांबडे पत्रे कपाशीच्या रानावरून पतंगासारखे निघाले. देवचंद आबा पलंगाखाली. नाना ओट्यावर उभा राहून पत्र्यांना हाका मारतो आहे, “अरे थांबा! अरे थांबा!”, जणू ती त्याची म्हसरं.

आणि वरून गारा पडायला लागल्या. बोराएवढ्या, टणाटण.

द्रौपदाबाई पलंगावरच बसलेली, डोक्यावर नानानं पाहुण्यांसाठी काढून ठेवलेलं पेशल ताट धरून. वर उघडं आभाळ, मांडीवर बर्फ. ती म्हणाली, “काश्मीर दाखवलं हो व्याह्यांनी! बोलल्याप्रमाणं दाखवलं!”

तेवढ्यात अद्भुतनगरीच्या राक्षसाचा वरचा जबडा मोडून हायवेवर आडवा झाला आणि तळ्यातला एक हंस कुंपणावरून उडत येऊन नानाच्या ओट्यावर आदळला. जिवंत असता तरी इतक्या ऐटीत उतरला नसता. आम्ही मोर्चे काढून त्या नगरीतून एक थेंब बाहेर काढू शकलो नव्हतो. वाऱ्यानं हंस बाहेर काढला.

“चला गावात!” मी ओरडलो. सुंदर आधीच पळत सुटली होती, पिशवी डोक्यावर घेऊन, आणि कोणाला न विचारता. तिच्या मागं आम्ही सगळे, आणि दुसऱ्या खोलीतलं सुरतेचं जोडपंही, बिचारं अंगात रंगीत बनियन आणि पायात काही नाही.

नानाचं घर धाब्याचं. मातीच्या जाड भिंती, वर मातीचंच सपाट छत, त्याला वारा काय धरणार! सुंदर आत गेलीसुद्धा. द्रौपदाबाई मात्र उंबऱ्याशी थबकली. पाठीवर गारा पडताहेत, लुगडं चिकटलं आहे, आणि ही बाई म्हणते, “बोलावल्याशिवाय मी कोणाच्या उंबऱ्यात पाय टाकत नाही.”

आत्तापर्यंत मला या बाईचा राग होता. त्या क्षणी जरा कौतुक वाटलं. ताठ माणसाला ताठ माणूस ओळखू येतो.

वच्छलाबाई पुढं झाली. हातातला भाकरीचा तुकडा तिच्यावरून ओवाळून बाहेर फेकला, पायावर तांब्याभर पाणी घातलं, जशी काही पावसानं ओली झालेली बाई नव्हतीच ती. टँकरच्या हंड्यातलं पाणी होतं ते. मग म्हणाली, “या याहीन. वरीस झायं, झोका बांधेल शे.”

द्रौपदाबाई पदर पिळून आत आली.

आत पुरण शिजत होतं. चुलीवर खापर पालथं घातलेलं, आणि वच्छलाबाई हातावर मांडे फिरवून त्यावर टाकत होती. आमरसाचं पातेलं भरलेलं. देवचंद आबा भिंतीला टेकून जेवले, सुरतेची पोरगी जेवली, मी जेवलो. नानाला कोणी वाढलंच नाही. तो दारात बसून आपले पत्रे कोणत्या दिशेला गेले असतील याचा अंदाज करत होता.

“व्याही,” देवचंद आबांनी हाक मारली, “या छतावर दगड नाहीत का?”

“आबा, हे मातीचंच आहे सगळं.”

“मग हे दाखवायला लाज कसली वाटत होती?”

नाना दारात साचलेल्या गारा बोटानं बाहेर लोटायला लागला.

दुसऱ्या दिवशी अखाजी. पहिली गाडी हॉर्न वाजवून निघून गेली, देवचंद आबांनी घड्याळ पाहिलं आणि पुन्हा कूस बदलली. लिंबाच्या झोक्यावर सुंदर बसली. गावच्या पोरी जमल्या. झोक्याला हात द्रौपदाबाईचा. धुळ्याची शहरी मराठी तिनं कुठं ठेवली कोण जाणे, तिनं खणखणीत गाणं जोडलं:

*काश्मीर देखाले गयी वं माय, आभाय देखी उनी,*
*याहीनी मोठाई व्हती, वारावर उडनी!*

म्हणजे, काश्मीर बघायला गेले आणि आभाळ बघून आले, व्याह्याची मोठाई वाऱ्यावर उडाली! रिवाजानं सून सासरला शिव्या देते. इथं सासू सुनेच्या माहेरात बसून व्याह्याला देत होती आणि सून हसून हसून झोक्यावरून पडायला आली होती. वच्छलाबाई पदर तोंडाला लावून घरात पळाली.

आता नानाला यातून शहाणपण आलं असं कोणाला वाटत असेल तर त्यानं नानाला पाहिलेलं नाही. पोरींनी ते गाणं उचललं, आता शेजारच्या गावांतही म्हणतात. नाना छाती काढून सांगतो, “हॉटेलचं नाव गाण्यात गेलं!” अद्भुतनगरीचा मॅनेजर हंस मागायला आला. मी म्हणालो, आधी गावाला पाणी द्या, मग हंस न्या. तो म्हणाला, वर विचारावं लागेल. अजून विचारतो आहे. हंसाच्या पाठीत गुरं पाणी पितात.

पुढच्या वर्षी मात्र नाना स्वतः मुऱ्हाळी होऊन धुळ्याला गेला. द्रौपदाबाई दारातच उभी.

“पत्रे घातले?”

“घातले.”

“दगड?”

“ठेवले. चुना लावून.”

“मग न्या लेकीला. आम्ही मागून येतो. उतरायचं कुठं?”

सुंदर सांगते, बापाचं तोंड उघडलं, जीभ काश्मीरच्या ‘का’वर टेकली आणि तिथंच अडली.

“घरी,” नाना म्हणाला.

आणि एस.टी.त बसल्यावर पारोळा येईस्तोवर लेकीला पटवत राहिला की निदान एक चहा तरी हॉटेलात घ्यायला काय हरकत आहे.