पाणी चाखणारे सुभेदार आजो

आमच्या वालावलच्या सुभेदार आजोंना कुठलंही पाणी दिसलं, की त्यात बोट बुडवून ते जिभेला लावल्याशिवाय राहवत नसे. वऱ्हाडाबरोबर वेंगुर्ल्याला गेले, तर नवरामुलगा राहिला बाजूला, हे आधी बंदरावर. आजी वैतागून म्हणायची, "अवो, लोक बघतत! तुमी ल्हान आसात काय?" त्यावर आजो गंभीरपणे सांगत, "भरती सरली गो." खाडीकाठी वाढलेल्या आम्हालाही भरती-ओहोटी कळते, पण ती चाखून सांगणारे तेच एक. खारटपणा उतरू लागला की ओहोटी लागली, एवढा साधा हिशेब.

दुसरी खोड होडीची. धक्क्यावर सगळ्यांच्या होड्यांना साखळी आणि कुलूप. आजोंची मात्र नुसत्या दोरीने बांधलेली. ज्याला हवी त्याने न विचारता न्यावी. एकदा ती बरेच दिवस गायब झाली. आजोंचा मुलगा चिडला, तर आजो म्हणाले, "कोणाक तरी नड इली आसतली. कुलूप घातलंय तर तो चावी खंय शोधतलो?"

या खोडींचं मूळ आम्हाला कळलं ते गुळाच्या काकांकडून. काका म्हणजे आजोंचे पलटणीतले दोस्त, कोल्हापूरकडचे. दरवर्षी फोंडाघाट उतरून, लंगडत, गुळाची ढेप घेऊन यायचे आणि अंगणात खाडीकडे पाठ करून बसायचे. पाण्याची भारी भीती, पोहणं तर दूरच. आजो चिडवत, "घाटी तो घाटीच! मेल्याक अजून पेवूक येयना."

बांगलादेशच्या युद्धात हे दोघे गस्तीवर असताना तुकडीपासून तुटले. चहूकडे शत्रू, आणि काकांच्या मांडीत गोळी. एका म्हाताऱ्या कोळणीने त्यांना आपल्या नदीकाठच्या घरात घेतलं, जाळ्यांच्या ढिगाआड लपवलं, जेवू घातलं. "ती बंगालीत बोलता, मी मालवणीत," आजो सांगत. "भात वाढूक भाषा कित्याक होयी?" आपली फौज नदीच्या खालच्या अंगाला होती आणि मध्ये काठावर शत्रूचं ठाणं. आजो एकटे पोहून सहज निसटले असते. काकाही तेच म्हणाले, "लेका, तू जा. मी ऱ्हातो हितंच." आजोंनी विचारलं, "तू हंय रवलंस, तर माका गूळ कोण हाडून देतलो?"

म्हातारीने आपली एकुलती एक होडी पुढे केली. आजो तिथल्या कोळ्यासारखी लुंगी नेसून ऐटीत होडीत बसले आणि वल्हं मारून दाखवू लागले. म्हातारीने कपाळाला हात लावला! हे आपल्या खाडीतल्यासारखे मधोमध बसून दोन्ही बाजूंनी वल्हं मारत होते. तिकडचे लोक मागच्या टोकाला बसून एकाच बाजूने मारतात. ठाण्यावरच्या माणसाने लांबूनच ओळखलं असतं. पुन्हा पुन्हा करून पाहिलं, पण जन्माची सवय, हात काही वळेना. हताश होऊन आजोंनी तोंडावर पाणी मारलं, आणि ते ओठांना खारट लागलं. म्हणजे समुद्र इथवर चढतो! चढतो म्हणजे उतरणारही.

वल्हं त्यांनी म्हातारीला परत देऊन टाकलं. दुसऱ्या सकाळी ते पाणी चाखत काठावर बसून राहिले. खारटपणा उतरू लागला, तसे दोघे जाळ्याखाली आडवे झाले आणि म्हातारीने दोर सोडला. ठाण्यावरच्या शिपायाला धुक्यातून एक सुटलेली होडी वाहत जाताना दिसली. त्याने हाक मारली. मांडीच्या कळा असह्य होत होत्या, म्हणून काकांनी जाळ्याचा दोर दातांत धरला होता. उत्तर येत नाही असं पाहून शिपाई वळला, आणि ओहोटीने दोघांना आपल्या माणसांत नेऊन पोचवलं.

काका हे सांगत तेव्हा आजो मध्येच म्हणत, "माझा काय नाय, पाण्यान हाडल्यान. आणि व्हडी तिची होती." ती होडी परत करता आली नाही, हा सल त्यांना जन्मभर राहिला. म्हणून इकडची होडी सगळ्यांची. गावात पाहुणे आले की मी त्यांना लक्ष्मीनारायणाच्या देवळाआधी आजोंचं घर दाखवतो. देव रागवायचा नाही. असा माणूस आमच्या वाडीत जन्मला, याचा मला फार अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

गेल्या वर्षी आजो गेले. अस्थी सोडायच्या दिवशी काका नातवाच्या गाडीतून आले. भटजी घाई करत होते, आजोंच्या मुलाने कलश हातात घेतला होता. तेवढ्यात काका काठी टेकत पाण्यात शिरले, गुडघ्यांपर्यंत. नातू धरायला धावला, त्याला त्यांनी हातानेच थोपवलं. वाकून बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि म्हणाले, "थांबा."

आम्ही सगळे थांबलो. भटजीही. काका काठीवर भार देऊन तसेच पाण्यात उभे होते, मधूनमधून बोट जिभेला लावत. बाहेर यायला तयार नव्हते. बऱ्याच वेळाने त्यांनी मुलाकडे वळून पाहिलं.

"खारं उतरलं," काका म्हणाले. "सोडा आता त्याला."